डाव्या खिशातल्या बिया

माझा जोडीदार बोलायला उभा राहिला की त्याच्या हातात कागद नसे. पँटच्या डाव्या खिशात बोराच्या वाळलेल्या बिया असत. एक मुद्दा बोलून झाला की तो डाव्या खिशातून एक बी काढी आणि उजव्या खिशात टाकी. समोर बसलेल्यांना वाटे, पोरगा जरा अवघडलाय, सारखा खिशात हात घालतोय. मला मात्र माहीत असे की डावा खिसा रिकामा झाला की हा खाली बसणार, आणि तोवर सभागृह त्याचं झालेलं असणार. त्या बियांवर मी जेवढा जळलो तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशावर जळलो नाही.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. आमच्या जळगावच्या कॉलेजात त्याला नावानं हाक मारणारे तसेही थोडेच होते. वादविवाद स्पर्धेत प्रत्येक कॉलेजातून दोघांनी जायचं. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध, आणि कोणी कुठून ते चिठ्ठी काढून ठरायचं. नव्वदच्या दशकात सलग तीन वर्षं ते दोघं म्हणजे तो आणि मी. तो मला ‘जोडीदार’ म्हणे, मी त्याला म्हणे, आणि मग सगळं कॉलेज तसं म्हणू लागलं. खरं सांगायचं तर कॉलेज त्यालाच जोडीदार म्हणे. मी म्हणजे ‘जोडीदाराबरोबर असतो तो’.

तो धरणगावकडच्या एका खेड्यातला, बौद्ध कुटुंबातला. वडील, म्हणजे आबा, गावच्या शाळेत शिपाई, शिवाय दोन एकर कोरडवाहू. मी रावेरकडचा, केळीवाल्यांच्या घरचा. मेहरूणला तलावाजवळ आम्ही एकाच खोलीत राहत होतो. खोलीत सोबत कोण आहे, हे पहिलं वर्षभर मी घरी सांगितलं नव्हतं. त्याला ते कळलं होतं. घरून माझे कोणी येणार असले की तो आपणहून तलावाकडे निघून जाई आणि परत आला की एवढंच विचारी, "गेले का? केळी ठेवून गेले असतील तर काढ."

तलावाच्या काठी बोरी होत्या. हिवाळ्यात तो सदऱ्याच्या ओच्यात बोरं घेऊन यायचा, खाताना बोलायचा, बोलताना बिया वेगळ्या करायचा. खिडकीच्या कठड्यावर त्या वाळत पडलेल्या असायच्या. विषय जाहीर झाला की तो बिया समोर मांडून बसे. हा पहिला मुद्दा, हा दुसरा. एखादी बी उचलून परत ठेवून देई. "हा मुद्दा खरा आहे, पण लागणारा नाही." मी कागदावर कागद लिहीत असे. माझी पाठांतरं पक्की असायची, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. त्याचा आवाज लहान होता. लोक ऐकायला पुढं सरकायचे.

घंटेबद्दल त्याचं एक म्हणणं होतं. स्पर्धेत सहा मिनिटांनी पहिली घंटा वाजे, सातव्याला दुसरी. त्याच्यावर दुसरी घंटा कधीही वाजली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आमच्या घरात घंटा आबाच वाजवतात, शाळेची. घंटा झाली की थांबायचं, हे मी पाळण्यात शिकलो." मग हसून म्हणाला, "पहिल्या घंटेपर्यंत माणूस विषयासाठी बोलतो, दुसरीपर्यंत परीक्षकासाठी. त्यानंतर बोलतो तो स्वतःसाठी." माझ्यावर दुसरी घंटा नेहमीच वाजायची.

आबांचं एक वाक्य तो वरचेवर सांगे. लहानपणी हा भांडून घरी आला, तक्रार सांगू लागला, की आबा म्हणत, "पहिले बठ्ठं आयकी ले, मंग बोल." सगळं ऐकून घे, मग बोल. त्यामुळे समोरच्याचा सगळ्यात चांगला मुद्दा तो स्वतःच आधी मांडायचा, समोरच्यापेक्षा चांगला मांडायचा, आणि मग शांतपणे त्याला उत्तर द्यायचा. एवढंच करून थांबला असता तरी मी सहन केलं असतं. पण आम्ही कायम एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. एसटीत बसलो की तो मला म्हणे, "माझ्या तिसऱ्या मुद्द्यावर तू असं विचार. माझ्याकडे त्याला उत्तर नाही." आणि खरोखरच नसे. मी ते विचारी, टाळ्या घेई, तरीही पहिलं बक्षीस त्याला आणि दुसरं मला. माझे मुद्दे मी त्याला कधीही सांगितले नाहीत.

एकदा माझे वडील जळगावला आमचं ऐकायला आले होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. कार्यक्रम संपल्यावर बाहेर चहा पिताना मी वाट बघत होतो. नानांनी कप ठेवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "तुझं झालं चांगलं. पण तू भाषण करत होता. तो पोरगा बोलत होता." मग थोडं थांबून, "कोणाचा रे तो?"

मी म्हणालो, "आहे एक. धरणगावकडचा." ते दुसरं वाक्य मला लागलं नाही. पहिलं आजही लागतं.

तिसऱ्या वर्षी पोळ्याला तो गावी गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. नखांत लाल हिंगूळ अडकला होता. बैलांची शिंगं रंगवतात तो. मी थट्टेनं म्हणालो, "काय जोडीदार, बैलांआधी स्वतःलाच रंगवलं का?" त्यानं हात मागं घेतला. संध्याकाळी तलावाकडे चल म्हणाला, आणि तिथं त्यानं सांगितलं.

आबांनी त्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची बैलजोडी घेतली होती. पोळ्याला झुली चढवल्या, शिंगं रंगवली, घुंगरमाळा घातल्या, आणि वेशीपुढच्या रांगेत आबा अगदी शेवटी जाऊन उभे राहिले. वेशीला तोरण बांधलेलं. आधी मानाची जोडी जाणार, मग बाकीच्या. कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. आबांचे बैल नवखे. बुजले, दावं तोडून सुटले आणि सगळ्यांच्या आधी तोरणाखालून पार झाले. जनावराची चूक. पण बैल धरून परत आणले गेले आणि आबांना वेशीत उभं करून सांगितलं गेलं की झुली उतरव, माळा काढ, शिंगांचा रंग पूस. कशानं पुसू विचारलं, तर डोक्यावरच्या टोपीकडे बोट दाखवलं गेलं. आबांनी टोपी काढली आणि शिंगं पुसली. एका बैलाची बापानं, दुसऱ्याची लेकानं.

त्या वेळी बैलानं काय केलं, तेही त्यानं एका वाक्यात सांगितलं. ते वाक्य मला तिथंच पाठ झालं. ते मी इथं लिहिणार नाही. का, ते शेवटी येईल.

मी तावातावानं म्हणालो, "केस कर. आता कायदा आहे ना तुमचा!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "बघ, तूही ‘तुमचा’ म्हणालास." मग पाण्याकडे बघत म्हणाला, "साक्ष कोण देणार? बठ्ठं गाव बघत होतं, म्हणजे कोणीच बघत नव्हतं. आणि आबांनी घरी येऊन टोपी धुतली, वाळत घातली आणि मला एवढंच म्हणाले, कोनले सांगू नको. तुला सांगितलं ते जोडीदार आहेस म्हणून. इथंच राहू दे."

मी मान हलवली. आमच्या गावात मानाची जोडी आमच्याच भाऊबंदांच्या दावणीची असते, हे मी त्याला सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात धुळ्याला मोठी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. दलित-आदिवासींवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारा कायदा येऊन काही वर्षं झाली होती, आणि आता त्यावर राजकारण तापलं होतं. एक पक्ष म्हणे, खोट्या केसेस होतात, कायदा काढून टाका. दुसरा म्हणे, हात तर लावून बघा. चहाच्या टपरीपासून सलूनपर्यंत हेच चाललेलं. आयोजकांनी विषयही तोच दिला होता: ‘अत्याचार प्रतिबंधक कायदा रद्द झाला पाहिजे.’ दोन्ही पक्षांचे पुढारी पहिल्या रांगेत बसणार होते. पहिला येणाऱ्याला पुण्याच्या राज्य पातळीवरच्या फेरीत जायला मिळणार होतं.

स्टेजमागं आमच्या दोघांच्या चिठ्ठ्या काढल्या. त्याला निघाली अनुकूल. म्हणजे कायदा रद्द करा, असं त्यानं बोलायचं. मला प्रतिकूल.

आमच्याबरोबर आलेले सर चष्मा काढून म्हणाले, "अरे, जोडीत आपसांत बदल करायला नियमाची आडकाठी नाही. दोघांची तयारी हवी फक्त. काय?" आणि माझ्याकडे बघितलं. तोही बघत होता. काही मागत नव्हता, नुसता बघत होता.

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. म्हणालो, "सर, चिठ्ठीला काही अर्थ आहे की नाही?"

नाडी सुटलेली नव्हती. मला कळलं होतं की या बाजूनं तो जिंकू शकणार नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मला वाट मोकळी दिसत होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "निघाली ती निघाली." आणि बिया मोजायला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तो काय बोलला ते मला शब्दाशब्दानं आठवतं. सुरुवातीची दोन मिनिटं त्यानं कायदा का हवा ते सांगितलं, आणि असं सांगितलं की कायदा राखा म्हणणारे पुढारी खुशीनं मान डोलावू लागले. मग म्हणाला, "पण अन्याय झाला की गाव काय म्हणतं? जा ना, तुमचा कायदा आहे. चोरीचा कायदा सगळ्यांचा, खुनाचा सगळ्यांचा, हा मात्र तुमचा. ज्या दिवशी गावानं ‘तुमचा’ म्हटलं, त्या दिवसापासून गावाचं काम संपलं. शेजाऱ्याला बोलायला नको, सरपंचाला थांबवायला नको. मी म्हणतो, काढून टाका हा कायदा. काढा, आणि मग या सभागृहातल्या प्रत्येकानं सांगावं, उद्यापासून माझ्यासाठी तुम्ही काय करणार?" पहिली घंटा वाजली तेव्हा तो खुर्चीकडे निघाला होता. कायदा काढा म्हणणाऱ्या पुढाऱ्यानं जोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि कोणी साथ देईना म्हणून हात मांडीवर ठेवले.

म्हणजे ही बाजू घेऊनही हाच जिंकणार होता. मत्सराचा जो डोंब उसळला तो आज लिहितानाही मला जाणवतो.

माझा नंबर शेवटचा होता. मी उभा राहिलो, पाठ केलेले मुद्दे बोललो. चौथ्या मिनिटाला बघितलं तर मधले परीक्षक खाली मान घालून मागच्याच कोणाचे गुण लिहीत होते. त्याचेच असणार, असं मला वाटलं. आणि मी म्हणालो, "माझ्या माहितीतले एक शिपाई आहेत. धरणगावकडचे."

मी सगळं सांगितलं. बैलजोडी, तोरण, फटाके, टोपी. माझा आवाज आपोआप लहान झाला, त्याच्यासारखा. मी थांबत होतो ते त्याच्यासारखं. लोक पुढं सरकले. पहिली घंटा वाजली, दुसरी वाजली, परीक्षकांनी हातानं घंटावाल्याला थांबवलं, आणि मी बैलाबद्दलचं ते वाक्य म्हणालो. एक प्राध्यापक बाई डोळे पुसत होत्या. इतकं चांगलं मी आधी कधी बोललो नव्हतो, पुढंही नाही. आमच्या गावची मानाची जोडी कोणाची असते, ते तिथंही सांगितलं नाही.

शेवटी प्रत्येक अनुकूल वक्त्याला विरुद्ध बाजूला उत्तर द्यायला दोन मिनिटं असत. तो माईकपाशी आला. डाव्या खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. उत्तर सोपं होतं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं एका वाक्यात उडवला असता: नाव सांगा, गाव सांगा, तक्रार कुठं आहे? मी काहीच सांगू शकलो नसतो. बिनपुराव्याची गोष्ट म्हणून माझे गुण कापले गेले असते. सभागृहही तेच ऐकायची वाट बघत होतं.

तो म्हणाला, "शेवटच्या वक्त्यानं सांगितलेली गोष्ट खरी आहे. माझ्याकडे तिला उत्तर नाही." आणि जाऊन बसला.

पहिलं बक्षीस मला मिळालं. कायदा राखा म्हणणाऱ्या पुढाऱ्यानं स्टेजवर येऊन मला मिठी मारली.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता, मी शेजारी. पारोळ्याला गाडी थांबली. मग मी म्हणालो, "नाव तर नाही घेतलं मी." तो म्हणाला, "हो." एवढंच.

आठवड्याभरात माझी गोष्ट हँडबिलावर छापून आली. धरणगावकडचा शाळेचा शिपाई शोधायला किती वेळ लागणार? एका पक्षाची जीप आबांचा सत्कार करायला हार घेऊन गावात गेली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाची जीप गेली, कागद घेऊन. ‘आमच्या गावात असा प्रकार घडलेला नाही,’ असं लिहिलेल्या त्या कागदावर गावानं सह्या केल्या. शेवटी कागद शाळेत नेला. आबांनी आधी घंटा वाजवून शाळा सोडली, मग हात पुसून सही केली. त्यांना त्याच गावात राहायचं होतं. हँडबिलाला उत्तर म्हणून तो कागद छापला गेला, आबांच्या सहीसकट. पुण्याच्या फेरीत मला त्या गोष्टीबद्दल विचारलं गेलं, तोवर ती खोटी ठरली होती. बैलजोडी संक्रांतीच्या आतच विकली गेली.

त्यानं खोली सोडली तेव्हा मी दारात उभा होतो. ट्रंक बांधून झाल्यावर त्यानं डाव्या खिशातून एक बी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ही काय?"

"तुझ्या गोष्टीला उत्तर. त्या दिवशी खिशातून काढलं नाही." मग ट्रंक उचलता उचलता म्हणाला, "छान बोललास, जोडीदार. दुसरी घंटा झाली होती, एवढंच."

मी रागावायला तयार होतो, रडायलाही तयार होतो. त्यानं दोन्हीला जागा ठेवली नाही. उत्तर हातात असताना गप्प बसता येणं, याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटला. बक्षीस माझ्याकडे होतं आणि हेवाही माझ्याकडेच होता.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, मी कॉलेजात शिकवू लागलो होतो, तेव्हा शिंदखेड्याला शालेय वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो. नववीतली एक मुलगी स्टेजवर आली. हातात कागद नव्हता. फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि म्हणाली, "मी माझ्या आजीची गोष्ट सांगणार आहे. आजीला विचारून आले आहे. तिनं जेवढी सांग म्हटलं तेवढीच सांगेन." पहिल्या घंटेला ती खाली बसली.

नंतर मी तिला विचारलं, "असं सुरुवातीला सांगायला कोणी शिकवलं?"

"आमच्या सरांनी. ज्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय ते बोलूच देत नाहीत." मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाली, "ते काय, लिंबाखाली उभे आहेत. परीक्षकांची नावं वाचली आणि म्हणाले, मी बाहेर थांबतो, आत माझ्याकडे बघून तुला कोणी गुण द्यायला नकोत."

मी खिडकीतून बघितलं. पाठमोरा होता. डावा हात खिशात. जायला वीस पावलं होती. मी गेलो नाही. माझ्यापाशी एवढ्या वर्षांत पाठ केलेली माफी होती, मुद्देसूद. पण त्या मुलीला बघून मला वाटलं, याला असे विद्यार्थी आहेत. आणि पुन्हा तोच डोंब. गुणपत्रिकेत तिला पहिलं लिहिलं. हात ओढत ओढत लिहिलं, हेही सांगून टाकतो.

आता पन्नाशी उलटल्यावर हे लिहायला बसलो तेव्हा त्या मुलीचं पहिलं वाक्य आडवं आलं. मी शिंदखेड्याच्या शाळेच्या पत्त्यावर पत्र टाकलं. लिहिलं की मला हे सगळं कबूल करायचं आहे, आबांची गोष्ट त्यात येणारच, तू म्हणशील तर लिहीन, नाही म्हणशील तर फाडून टाकीन. माफीही मागितली. ती चार ओळींत मावली.

महिन्याभरानं कार्ड आलं. अक्षर तसंच, लहान. "जोडीदार, आबा गेले, त्यामुळे त्यांना विचारता येत नाही. जाण्याआधी एकदा म्हणाले होते, तुझा तो मित्र खरं बोलला आणि मी खोटी सही केली, त्याला सांग. ते सांगायचं राहिलं होतं. तू लिही. नाव नको, गाव नको. धरणगावकडचा एवढं चालेल, ते हँडबिलावर छापून गेलंच आहे. टोपीचं लिहिलंस तरी चालेल, बठ्ठ्या गावानं पाहिलंच होतं. बैलाचं ते वाक्य मात्र नको. ते आबांचं होतं."

पहिलं बक्षीस मला त्या वाक्यावर मिळालं होतं. ते काढून टाकल्यावर माझ्याकडे जे उरलं, ते एवढंच आहे.